उसना दम

स्टोरसुंड, ९ मार्च १९८६

प्रिय सिंद्रे,

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून तुला नवल वाटेल. आमचा फोन जिन्याखाली आहे आणि लिव स्वयंपाकघरातून सगळं ऐकते. हे तिच्या कानावर जायला नको.

आमच्या अग्निशमन केंद्रात नवा नियम आलाय. पाठीवर हवेची टाकी बांधून जे धुरात शिरतात, त्या सगळ्यांच्या दमाची चाचणी होणार. जिल्ह्याच्या गावी एक डॉक्टर आहे. त्याच्याकडे जाऊन यंत्राच्या सायकलवर पेडल मारायचं, नाकाला चिमटा, तोंडात नळी. जीव तोडून मेहनत करताना माणूस जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतो, ते यंत्र सांगतं. आकडा पंचेचाळीसच्या खाली आला की धुरात जाणं बंद, टेलिफोनच्या टेबलावर बसायचं.

मला माझा दम माहीत आहे. सरावाच्या मनोऱ्यावर चढताना हल्ली मी तिसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायला थांबतो. ओडमुन वर उभा राहून वाट बघतो. अकरा वर्षं आम्ही दोघं जोडीने धुरात शिरतोय. त्याला एकट्याला आत जाताना टेलिफोनपाशी बसून बघायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

डॉक्टर मला ओळखत नाही. त्याच्या कागदावर नाव आणि जन्मतारीख, एवढंच असतं. आपण दोघं मावसभाऊ असून सख्ख्या भावांसारखे दिसतो असं क्लारामावशी नेहमी म्हणते. थोडी दाढी वाढवलीस तर तू छत्तीसचा सहज वाटशील.

काय मागतोय ते तुला कळलंच असेल. लिहितानाही लाज वाटते. नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही.

हो म्हणालास तर एक ध्यानात ठेव. पंचेचाळीस पुरे. सत्तेचाळीस आला तरी चालेल. ती शर्यत नाही.

तुझा,
आयविन

*

ग्रानडाल, ४ एप्रिल १९८६

प्रिय आयविन,

झालं! काल मी दिवसभर आयविन नेसबाक होतो. दाढी भयंकर खाजते. आई म्हणते, मी चोरासारखा दिसतो.

त्या खोलीत गेल्यावर आधी वजन केलं, मग छातीवर तारा चिकटवल्या. डॉक्टर म्हातारा आणि गमतीदार निघाला. दर दोन मिनिटांनी जोर वाढवायचा आणि म्हणायचा, "चालेल ना, नेसबाक? चालेल ना?" मी मान हलवत राहिलो. शेवटी मांड्यांत आग पेटली होती आणि कानात समुद्र गाजत होता. उतरलो तर म्हातारा कागदाच्या पट्टीकडे बघत उभाच राहिला. दोनदा हिशेब केला त्याने.

आयविन, सदुसष्ट आला. म्हणजे दर मिनिटाला दर किलो वजनामागे सदुसष्ट मिलिलिटर प्राणवायू. तो म्हणाला, "तुम्ही आगीत काय करताय हो? तुम्ही बर्फावर असायला हवं होतं!" दोनदा जिल्ह्याच्या स्की संघातून नाव कापलं गेलेल्या माणसाला हे ऐकायला कसं वाटलं असेल, विचार कर.

तू पंचेचाळीस सांगितलं होतंस, माहीत आहे. पण म्हातारा मधे थांबूच देईना. सोबत त्याने दिलेलं कार्ड पाठवतोय. तुझ्या पूर्ण दमाचे पन्नास टक्के म्हणजे सायकलवर किती जोर, साठ टक्के म्हणजे किती, सत्तर म्हणजे किती, सगळं त्यावर लिहिलंय. त्यावरून सराव ठरवतात म्हणे. तू आपलं ते फाईलमध्ये टाकून दे.

लिवला आणि मुलींना नमस्कार. आता तुला धुरातून कोणी काढत नाही!

तुझा,
सिंद्रे

*

स्टोरसुंड, २१ सप्टेंबर १९८६

प्रिय सिंद्रे,

कार्ड फाईलमध्ये गेलं नाही. ते भिंतीवर लागलंय.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे सरावासाठी इंगुन नावाची बाई आली. तिशीची असेल, बोलायला स्पष्ट. तिने सगळ्यांची कार्डं ओळीने लावली आणि खोलीत एक सायकल आणून ठेवली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "कोण किती जोर लावतो त्याच्याशी मला घेणं नाही. ज्याच्या-त्याच्या दमाच्या मानाने तो किती लावतो, ते बघायचंय. साठ टक्क्यांवर चालवलंत तर सगळ्यांना सारखंच वाटलं पाहिजे. घाम यावा, पण बोलता यावं."

आणि खरंच, सगळे बोलतात. ओडमुनचा आकडा बावन्न. तो त्याच्या साठ टक्क्यांवर अर्धा तास पेडल मारत कॉड मासा कुठल्या खडकापाशी लागतो ते सांगत असतो. मग माझी पाळी येते. इंगुन कार्ड बघून सायकलचा जोर दोनशे दहा वॅटवर आणते. तो तुझा साठ टक्के आहे. माझा किती आहे ते देव जाणे. मला एक शब्दसुद्धा बोलता येत नाही. सातव्या मिनिटाला मी उतरलो आणि गुडघा दुखतो म्हणालो.

"फुप्फुसं बैलाची आणि गुडघा कोंबडीचा," ओडमुन ओरडला. सगळे हसले. मीही हसलो.

कार्डावर वजन पंच्याहत्तर लिहिलंय. माझं चौऱ्याऐंशी आहे. इंगुन म्हणाली, "उन्हाळ्यात बायकोने फार वॉफल खाऊ घातले वाटतं." पंचेचाळीस का नाही आणलास, सिंद्रे?

आयविन

*

ग्रानडाल, ५ ऑक्टोबर १९८६

प्रिय आयविन,

तुझं पत्र वाचून मी दुधाच्या टँकरमध्ये एकटाच हसत बसलो होतो. कोंबडीचा गुडघा! तुझा हा ओडमुन मला आवडला.

अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस? सिगरेट सोड, रोज टेकडी चढ, दोन महिन्यांत गाडी रुळावर येईल. आणि खरं सांगू का, भिंतीवरचं ते कार्ड एकदा येऊन बघावंसं वाटतं. नाव तुझं असलं म्हणून काय झालं.

पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी असेल तर आत्ताच सांगून ठेव. दाढीला वेळ लागतो.

सिंद्रे

*

स्टोरसुंड, २ नोव्हेंबर १९८६

प्रिय सिंद्रे,

हे हसण्यावारी नेऊ नकोस.

मंगळवारी मी पेडल मारत असताना इंगुनने माझं मनगट धरलं आणि नाडी मोजली. एकशे ऐंशी. साठ टक्क्यांवर ती एकशे पस्तीसच्या आसपास असायला हवी. तिने मला उतरवलं, खोलीचं दार लावून घेतलं आणि समोर बसली.

"आयविन, वसंतात तू सदुसष्ट होतास. सहा महिन्यांत धडधाकट माणसाचा दम असा अर्ध्यावर येत नाही. तुझ्या हृदयाला काहीतरी झालंय."

मी फ्लू झाला होता म्हणालो. ती म्हणाली, "माझे वडीलसुद्धा फ्लूच म्हणायचे. तीन आठवड्यांत गेले." तिचे डोळे भरले होते. माझ्यासाठी, सिंद्रे. धडधडीत खोटं बोलणाऱ्या माणसासाठी.

इस्पितळाला तिने स्वतः चिठ्ठी लिहिली. तपासणी होईपर्यंत प्रमुखाला काही सांगू नको, अशी मी तिला गळ घातली. मी गेलो नाही, तारीख पुढे ढकलली. मग तिने लिवला फोन केला. आता लिव जेवणात मीठ घालत नाही, आणि मी जिना चढतो तेव्हा खाली उभी राहून बघते. थोरली मुलगी शाळेची बॅगसुद्धा माझ्या हातात देत नाही.

तोंड उघडलं तर सगळं सांगावं लागेल. रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं. केंद्राच्या दारापर्यंत धीर टिकतो.

आयविन

*

ग्रानडाल, १० नोव्हेंबर १९८६

प्रिय आयविन,

सांगू नकोस! आता सांगितलंस तर दोघंही अडकू. इस्पितळात जा, हृदय ठणठणीत निघेल, बाईचं समाधान होईल. फ्लूनंतर अशक्तपणा राहतो म्हणायचं आणि जोर कमी करून घ्यायचा. ख्रिसमसपर्यंत सगळे विसरतील.

घाईत आहे. सात शेतांवरचं दूध गोळा करायचंय आणि रस्ता बर्फाने गुळगुळीत झालाय.

सिंद्रे

*

ग्रानडाल, ३० नोव्हेंबर १९८६

प्रिय आयविन,

आईने आज वर्तमानपत्र पुढ्यात टाकलं. स्टोरसुंडच्या बंदरात सुक्या मासळीच्या गोदामाला आग, एक जवान गंभीर जखमी, दुसऱ्याला त्याने ओढून बाहेर आणलं. जखमीचं नाव ओडमुन. दुसरा तू.

ही आग एकवीस तारखेची आहे. नऊ दिवस झाले आणि तू एक ओळही लिहिली नाहीस. मी फोन केला तर लिव म्हणाली, तो कोणाशीच बोलत नाही.

काय झालं? लिही. वाट्टेल ते लिही.

सिंद्रे

*

स्टोरसुंड, ७ डिसेंबर १९८६

सिंद्रे,

लिहितो. एकदाच लिहीन.

सकाळी नऊ वाजता घंटा वाजली. पोहोचलो तेव्हा तळमजल्याच्या खिडक्यांतून धूर येत होता आणि राखणदार वर अडकलाय असं कोणी म्हणालं. आमचा प्रमुख गाडीपाशी उभा होता. त्याने विचार असा केलाच नाही. "वर ओडमुन आणि आयविन. दम त्यांचाच." पाण्याच्या नळीचं जड तोंड त्याने माझ्या खांद्यावर दिलं, कारण भिंतीवर माझा आकडा सगळ्यांच्या वर आहे.

टाकीत साधारण वीस मिनिटांची हवा असते. ही वीस मिनिटं आपल्या दमाच्या आत राहून काम करणाऱ्यासाठी. जो टोकाला पोहोचून धापा टाकतो तो ती निम्म्या वेळात पिऊन टाकतो. मला हे ठाऊक होतं. नव्या मुलांना मीच शिकवतो.

दुसऱ्या मजल्यावर ओडमुन थांबला. त्याने मुखवटा माझ्या मुखवट्याला टेकवला आणि ओरडला, "दम आहे ना?"

मी अंगठा वर केला.

तेवढंच सांगायचं होतं मला. बाकीचं सगळं त्या अंगठ्यामुळे झालं. "नाही" म्हणालो असतो तर आम्ही खाली उतरलो असतो आणि दुसरी जोडी वर गेली असती.

तिसऱ्या मजल्यावर अकराव्या मिनिटाला माझी शिटी वाजली. हवा संपत आली की टाकी शिटी वाजवते. ओडमुन वळला. त्याला वाटलं असणार की माझी टाकी बिघडली, कारण माझी शिटी त्याच्या आधी वाजूच शकत नव्हती. मग मी गुडघ्यांवर आलो. मी मुखवटा ओरबाडून काढला, हे मला आठवत नाही, त्याने सांगितलं. त्याने आपला मुखवटा काढून माझ्या तोंडावर धरला, मग आपल्या, मग माझ्या. असं करत दोन जिने. शेवटच्या जिन्यावर त्याने तो माझ्या तोंडावरून काढलाच नाही. कठड्याचं लोखंड तापलं होतं आणि त्याचा एक हातमोजा वर राहिला होता.

राखणदार कधीच मागच्या दाराने बाहेर पडला होता.

ओडमुनचा उजवा हात गेल्यातच जमा आहे आणि फुप्फुसांत धूर बसलाय. मी रोज इस्पितळात जातो. तिसऱ्या दिवशी तो बोलू लागला. काय म्हणाला माहीत आहे? "चुकलं माझं, आयविन. इंगुनने सांगितलं होतं, तुझं हृदय नाजूक आहे, लक्ष ठेव. आणि मी आपला पुढे पळत सुटलो." माझा हात धरून माफी मागितली त्याने. डाव्या हाताने.

मी ती माफी घेतली, सिंद्रे. "असू दे" म्हणालो.

आयविन

*

ग्रानडाल, १४ डिसेंबर १९८६

प्रिय आयविन,

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. आता मलाही एक सांगायचंय.

डॉक्टर थांबू देत नव्हता असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं होतं. एका टप्प्याला तो म्हणाला, "नेसबाक, तुमच्या कामाला लागतं त्याच्या वर गेलात. हवं तर इथे थांबू." आकडा विचारला तर म्हणाला, पन्नास ओलांडलेत. तुझं पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं, कोट समोर खुंटीला होता. मी मान हलवली आणि म्हणालो, "वाढवा."

का, ते सांगतो. संघातून दुसऱ्यांदा नाव कापलं तेव्हा निवडणारा म्हणाला होता, "सिंद्रे, तू मेहनती आहेस, पण अंगात ते नाही." मला बघायचं होतं, अंगात ते आहे की नाही. तुझ्या नावाने का होईना, कोणीतरी ते कागदावर लिहावं असं वाटत होतं. आणि लिहिलं तेव्हा मला इतका आनंद झाला की परतीच्या वाटेत मी गाडीत गात होतो.

मी सत्तेचाळीसवर उतरलो असतो तर तुझ्या सायकलचा जोर खूपच कमी लागला असता. इंगुनला शंका आली नसती, प्रमुखाने सगळ्यात वर तुलाच पाठवलं नसतं. हा हिशेब मी रोज करतो, टँकर चालवताना, दूध ओतताना.

तू सांग त्यांना. माझं नाव घेऊन सांग. मागे मी गप्प राहा म्हणालो होतो, ते मी स्वतःला वाचवायला म्हणालो होतो.

सिंद्रे

*

स्टोरसुंड, २३ जानेवारी १९८७

प्रिय सिंद्रे,

सांगितलं.

आधी लिवला. तिने उठून मिठाची बरणी आणली आणि माझ्यापुढे आपटली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

मग इंगुनला. मला वाटलं होतं, ओरडेल. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तीन महिने मी तुझं मरण डोळ्यांसमोर धरून बसले होते. ओडमुनला मी सांगितलं होतं, तुला जप म्हणून. त्याने जपलं." मग ती उठून भिंतीपाशी गेली आणि ते कार्ड काढलं. फाडलं नाही. प्रमुखाच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

प्रमुखाने तुझं नाव विचारलं, मी दिलं. डॉक्टरकडून तुला पत्र येईल. माझं धुरातलं काम संपलं, टेलिफोनवर ठेवलंय. तेही ठेवतील असं वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात माझी खरी चाचणी झाली. सदतीस. इंगुनने त्यावरून नवं कार्ड केलं आणि मला सायकलवर बसवलं. माझे साठ टक्के म्हणजे एकशे पंचवीस. तिने घड्याळ लावलं आणि म्हणाली, "बोल आता." नियमच आहे, बोलता येतंय का ते बघायचं. मला येत होतं. अर्धा तास मजेत बोलता आलं असतं. पण तिच्याकडे बघून काय बोलणार? ती समोर वही घेऊन उभी होती आणि मी नुसता पेडल मारत राहिलो. शेवटी मी एक ते वीस अंक मोजून दाखवले.

ओडमुनला सर्वांत शेवटी सांगितलं. तो पडल्या-पडल्या ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर त्याने घंटा दाबून नर्सला बोलावलं, पट्टी सैल झालीय म्हणाला आणि मला बाहेर जायला सांगितलं. पट्टी घट्ट होती, मी बघितली होती. त्यानंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्याची बायको बोरगिल दारातच म्हणाली, झोपलाय.

तुझ्यावर माझा राग नाही असं लिहिणार होतो. पण पुन्हा खोटं नको. आहे. मागितलं मीच होतं, तरीही आहे.

आयविन

*

ग्रानडाल, ११ फेब्रुवारी १९८७

प्रिय आयविन,

शनिवारी मी स्टोरसुंडला येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही, धीर झाला नाही. ओडमुनकडे गेलो होतो. तो घरी आलाय.

त्याचं घर उतारावर आहे, तुला ठाऊकच आहे, रस्त्यापासून दारापर्यंत लांब जिना. बोरगिलने दार उघडलं. मी माझं नाव सांगितलं. ती आत वळून म्हणाली, "तो दुसरा आलाय." मी त्या घरात 'दुसरा' आहे, हे तेव्हा कळलं.

तो खिडकीपाशी खुर्चीत होता, गुडघ्यांवर घोंगडी. दर चार-पाच शब्दांनी थांबून श्वास घेतो. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं: डॉक्टर थांबू म्हणाला होता, मी वाढवा म्हणालो, आनंदाने गात घरी गेलो. काहीच वगळलं नाही.

मग म्हणाला, "सदुसष्ट. खरंच तुझे आहेत?"

"हो."

"मी त्याला ओढत होतो... तेव्हा हे सदुसष्ट कुठे होते?"

मी म्हणालो, "टँकरवर. दूध गोळा करत होते."

त्याने मान हलवली. उपहास नव्हता त्यात. एवढी एकच गोष्ट विचारायची राहिली होती, अशी मान हलवली.

बोरगिलने कॉफी आणून ठेवली. कोणी प्यायलं नाही. मी माफी मागितली. तो म्हणाला, "आयविनला मी कदाचित... कधीतरी घरात घेईन. त्याला भीती होती. तुला कसली होती?"

मी टोपी उचलली. तेव्हा तो पुन्हा बोलला, रस्त्याकडे बघत. "इस्पितळात माझीही चाचणी झाली. एकवीस. त्या इंगुनने मला हिशेब करून दिलाय. हा बाहेरचा जिना... मी हळूहळू चढलो तरी... माझ्या दमाचे नव्वद टक्के लागतात. मधे दोनदा बसतो." थोडा श्वास घेतला. "तू दोन-दोन पायऱ्या घेत वर आलास. मी खिडकीतून बघत होतो."

बाहेर आलो. खिडकीत तो होताच. मी कठडा धरला आणि एकेक पायरी उतरलो, म्हाताऱ्यासारखा, आणि त्याला तेही दिसत होतं.

तुझा,
सिंद्रे